एका नावडत्या नायकाची कैफियत

ज्या नायकावर आपण बाळपणापासून जीव लाविला, तो उतारवयांत हताश होऊन कोठें तरी दडून बसलेला दिसावा, ही गोष्ट कोणासही रुचणें कठीण. १९७७ सालीं जॉर्ज लूकस यांनीं ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटानें ज्या विज्ञानकथेस आरंभ केला, तिचा नायक ल्यूक स्कायवॉकर याची अशीच गत झाली. डिसेंबर २०१७ मध्यें रायन जॉन्सन यांनीं लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘द लास्ट जेडाय’ हा त्या कथेचा आठवा भाग पडद्यावर आला, आणि चाहत्यांत उभी फूट पडली. कित्येकांनीं तर हा भाग कथेंतून काढूनच टाकावा, असा धोशा लाविला.

माझा थोरला मामेभाऊ याच पक्षाचा. दोन वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत त्याच्या घरीं आम्हीं ही सर्व कथा क्रमानें पाहिली. आठवा भाग लागतांच तो म्हणाला, “हा खरा ल्यूक नव्हेच. तूं याला मोजूं नकोस.” मींही त्याची री ओढली. आज मात्र मी त्याच ल्यूकची कैफियत मांडण्यास उभा आहें.

प्रथम आक्षेप ऐकूं. २०१५ सालच्या सातव्या भागाच्या अखेरीस रे नांवाची तरुणी ल्यूकपुढें त्याची जुनी प्रकाशाची तलवार धरते. पुढें काय घडतें, हें पाहण्यास लोक दोन वर्षें उत्सुक होते. आणि घडतें काय, तर ल्यूक ती तलवार खांद्यावरून मागें फेंकून चालूं लागतो! कारण पुढें कळतें. त्यानें शिष्य जमवून विद्या शिकविण्यास आरंभ केला होता. त्यांत त्याचा भाचा बेन होता. बेनच्या मनांत अंधार वाढत आहे, असें दिसून ल्यूक भ्याला, आणि एका रात्रीं निजलेल्या भाच्यापुढें त्यानें तलवार पाजळली. पुढच्याच क्षणीं त्याला स्वतःची लाज वाटली. परंतु तेवढ्यांत मुलानें डोळे उघडले होते. तोच बेन पुढें कायलो रेन नांवाचा क्रूर योद्धा झाला आणि ल्यूक एका निर्जन बेटावर निघून गेला. या बेटाचें चित्रण आयर्लंडच्या किनाऱ्याजवळील स्केलिग मायकेल येथें झालें. तेथें प्राचीन काळीं ख्रिस्ती साधु दगडी झोंपड्यांत राहून प्रार्थना करीत. ल्यूक मात्र प्रार्थनेसाठीं नव्हे, तोंड लपविण्यासाठीं गेला.

चाहते विचारतात, ज्यानें डार्थ व्हेडरसारख्या क्रूर पित्यांतही चांगुलपणा शोधला, तो भाच्यावर शस्त्र उगारील कसा? ल्यूकची भूमिका करणारे मार्क हॅमिल यांनाही प्रारंभीं हें पटलें नव्हतें. परंतु १९८३ सालचा भाग आठवून पाहावा. तेथेंही बहिणीवर संकट येणार, हें ऐकतांच ल्यूक रागानें अंध होतो, पित्याचा हात तोडतो, आणि मग भानावर येऊन शस्त्र टाकून देतो. म्हणजे भीति व संताप त्याच्या ठायीं पूर्वींपासूनच होते. तेव्हां तो वेळेवर सांवरला. पुढें एका क्षणानें चुकला. इतकाच काय तो भेद.

आपल्या पुराणकारांनीं तरी नायकांस कोठें सवलत दिली आहे? मौसलपर्वांत द्वारकेच्या स्त्रियांस घेऊन निघालेल्या अर्जुनास साधे लुटारू गांठतात. गांडीवास प्रत्यंचा चढवितांना त्याला प्रयास पडतात आणि दिव्य अस्त्रें आठवत नाहींत. आपल्या प्रार्थनेच्या तासाला ऐकलेला पेत्र कोंबडा आरवण्यापूर्वीं तीन वेळां आपल्या गुरूस नाकारतो. आणि पुढें त्याच्याच हातीं कळप सोंपविला जातो. म्हणून कोणी हा पेत्र खरा नव्हे, असें म्हणत नाहीं.

हें मला पुस्तकांतून उमजलें नाहीं. गेल्या जुलैंत मी वर्गनायक होतों आणि सहलीची वर्गणी माझ्यापाशीं जमा होत असे. एके दिवशीं शंभर रुपये कमी भरले. माझ्या मनांत एका मुलाचें नांव आलें. त्यानें पूर्वीं एकदां कोणाचें पेन विचारल्यावांचून घेतलें होतें, एवढाच पुरावा! मधल्या सुटींत वर्ग रिकामा पाहून मीं त्याचें दप्तर उघडलें. आंत हात घालतांच माझी मला लाज वाटली व मीं तो काढून घेतला. वर पाहिलें, तों तो दारांत उभा! पैसे संध्याकाळीं माझ्याच वहीच्या कव्हरांत सांपडले. तो सहलीस आला नाहीं. माझ्याशीं बोलेनासा झाला. मीही तो डबा खात असे तेथून दूर बसूं लागलों. “मीं कांहीं घेतलें तर नाहीं,” हें मनास किती वेळां बजावलें, तरी त्याची दृष्टि चुकवीतच होतों.

दिवाळीच्या सुटींत तो चित्रपट मीं पुन्हा पाहिला. या खेपेस मी शेवटाकडे लक्ष देऊन होतों. उरलेसुरले सोबती शत्रूच्या सैन्यानें कोंडले असतां ल्यूक एकटा त्यांच्यापुढें येतो. प्रथम बहिणीस भेटतो. मग भाच्यापुढें उभा राहून आपण त्याच्या बाबतींत चुकलों, हें कबूल करतो. तो कोणावरही वार करीत नाहीं. वस्तुतः ती त्याची केवळ प्रतिमा असते. देह दूर बेटावरच असतो, आणि त्या श्रमानेंच तो प्राण सोडतो. तेवढ्या अवधींत सोबती निसटतात. एकही जीव न घेता सर्वांस वांचविणारा हा पराक्रम मला पूर्वींच्या सर्व पराक्रमांहून थोर वाटतो. आणि आधींच्या चुकीवांचून त्याला हा अर्थ आला नसता.

चित्रपटांत दोष नाहींत, असें नव्हे. जुगाराच्या नगरींतील प्रसंग लांबला आहे व कांहीं विनोद अस्थानीं आहेत. त्यांवर खुशाल टीका करावी. परंतु रोजची भूमिका करणाऱ्या केली मेरी ट्रॅन यांचा कित्येकांनीं इतका छळ मांडला, कीं २०१८ सालीं त्यांनीं इन्स्टाग्रामवरील आपला सर्व मजकूर काढून टाकला. ही टीका नव्हे. आवडत्या कथेच्या नांवावर केलेला अन्याय होय.

सुटीनंतर शाळा उघडली, त्या दिवशीं मी त्या मुलाकडे गेलों, झालेलें सर्व सांगितलें व क्षमा मागितली. त्यानें ऐकून घेतलें आणि “बरं,” एवढेंच म्हणाला. आमची मैत्री जुळली असें नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं भूमितीच्या तासाला त्यानें माझ्याजवळ पट्टी मागितली.

मामेभाऊ अजूनही म्हणतो, तो खरा ल्यूक नव्हे. म्हणो बापडा. मजपुरता तोच खरा.