‘नु’ आणि ‘मे’

पुणे, रविवार

चि. मुक्ता,



रात्री तीनला पाठवलेला तुझा निरोप सकाळी सहाला वाचला आणि चहा गाळायचा तसाच राहिला. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’चा नवा अवतार घेतलास, छान केलंस. पण लढायांचा वेग सगळ्यात जलद ठेवायचा, साथीदारांना आपापलं लढायला सोडायचं आणि वर मला विचारायचं, की या जुनाट दिसणाऱ्या जपानी खेळांत लोकांना एवढं काय सापडतं! अगं, पोळ्यांना बाई लावायची आणि हाताला चटका कसा बसत नाही म्हणून विचारायचं, त्यातली गत.

तू म्हणतेस नॉस्टॅल्जिया. कुणाचा? दादाने रडून आणवलेल्या त्या व्हिडिओ गेमच्या मशीनच्या कॅसेटमध्ये मारिओ होता, कॉन्ट्रा होता. हे खेळ नव्हते. आणि तू 2002ची. नसलेल्या आठवणीने कोणी तीन वाजेपर्यंत जागत नाही.

माझं म्हणणं तुला पाठ आहे, तरी ऐक. या खेळांनी अर्धं काम खेळणाऱ्यावर टाकलं होतं. हौसेने नाही, जागा नव्हती म्हणून. 1986चा पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ अवघ्या 64 किलोबाइटमध्ये बसवलेला. तू परवा पाठवलेल्या मांजराच्या फोटोत असे कितीतरी मावतील. काताकाना लिपीतली जेमतेम वीसेक अक्षरं परवडली, म्हणून राक्षसांची नावंसुद्धा तेवढ्यातच जुळवावी लागली. तिसऱ्या भागात तर सुरुवातीच्या पडद्याचं चित्र आणि संगीत दोन्ही गाळलं. काळ्यावर नुसतं नाव. आणि तरी 10 फेब्रुवारी 1988ला, चक्क बुधवारी, पोरं शाळा बुडवून दुकानांपुढे रांगेत, आणि पोलीस त्यांना पकडताहेत! डब्यावर चित्रकार तोरियामांनी काढलेला ऐटबाज वीर, पडद्यावर सोळा बाय सोळा ठिपक्यांचा बुटका. मधलं अंतर मुलं मनातच भरून काढायची. हे खेळ रचणाऱ्या होरी यूजींचा नायक तर तोंडच उघडत नाही. राजा बोलतो, गावकरी बोलतात, हा गप्प. त्याने काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. सगळं दाखवायची, सगळं समजावून सांगायची जी खोड हल्ली लग्नाच्या व्हिडिओपासून शाळेच्या पुस्तकापर्यंत शिरली आहे ना... असो. त्यावरून आपलं दिवाळीत झालंच आहे.

ओसाकातल्या त्या हिवाळ्याचं मी तुला अर्धंच सांगितलंय. 1987. घरमालकीणबाईंचा धाकटा ‘ड्रॅगन क्वेस्ट २’ खेळायचा. त्या कॅसेटला स्मरणशक्ती नव्हती. खेळ थांबवताना राजाकडून एक मंत्र मिळायचा, बावन्न अक्षरांपर्यंत लांब, अर्थहीन, सगळा हिरागाना लिपीत. तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. मला अक्षरं गिरवायची होती, त्याला कंटाळा. म्हणून कोतात्सूत, म्हणजे त्यांच्या रजई पांघरलेल्या उबदार मेजाखाली, पाय घालून मंत्र मी लिहायचे. एका रात्री ‘नु’च्या जागी ‘मे’ लिहिला. दोन्हींत फरक शेपटीच्या एका वेटोळ्याचा, आणि त्यांचा टीव्ही थरथरणारा. दुसऱ्या दिवशी मंत्र लागेना. तो रडला नाही, ओरडला नाही. मागच्या पानावरचा जुना मंत्र काढला आणि तिथून पुन्हा चालायला लागला. मला मात्र जेवण गेलं नाही. अजूनही ‘नु’ लिहिताना हात थबकतो.

हे सारं नव्या खेळांत उरतं का, असा तुझा खरा प्रश्न. थोडं उरतं. ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’ आठव, 2018चा: माणसं ठिपक्यांचीच, पण भोवती खरा वाटणारा उजेड, पुढचं-मागचं धूसर. मला ते गणपतीतल्या देखाव्यासारखं वाटतं. पुठ्ठ्याचा डोंगर, आतून दिवा. पुठ्ठा दिसत असतो, आणि म्हणूनच पोरं वाकून वाकून बघतात. ‘चेन्ड एकोज’ एका जर्मन माणसाने वर्षानुवर्षं खपून जवळजवळ एकट्याने उभा केला. त्याला काही कमी जागेची अडचण नव्हती. ठिपके त्याने आपणहून घेतले.

पण मुक्ता, हे सगळं मी लिहितेय ते तुझ्या शेवटच्या वाक्याला वळसा घालून. ‘तिथे खेळात निदान शंभर राक्षस मारले की लेव्हल वाढते, मावशी.’ ते सहज लिहिलंस का? दोन वर्षं त्या ऑफिसात रात्री घालवून तुझं काही वाढलं नाही, हे मला दिसत नाही असं वाटतं तुला? आणि मग लढाया आपोआप का लावतेस, तेही कळलं. दिवसभर थकून आलेलं माणूस खेळातही थकलेलंच असतं. मी इकडे ठिपक्यांवर व्याख्यान देतेय.

जेवतेस का वेळेवर? डब्याची बाई सोडली म्हणे. डोळे तपासून घे. राजीनाम्याचं जे मनात आहे ते मेसेजवर नको, समोर बसून बोल. शनिवारी निघ, रात्रीची बस नको. माळ्यावरच्या ट्रंकेत मंत्रांची ती वही आहे. ओसाकाहून निघताना त्या मुलानेच दिली होती. चुकलेलं पान फाडलेलं नाही.

तुझी,
मावशी

ता. क. ताईला मी अजून काही बोललेले नाही. पण तिने सरळ विचारलं तर मागच्यासारखं खोटं सांगायला मला जमणार नाही.