वेगळा कप

जुन्नरला आमच्या मोहल्ल्यातून मान वर केली की शिवनेरी दिसायचा. शाळा सुटली की आम्ही पोरं मैदान गाठायचो. मी डावरा. चेंडू हातातून सुटला की आपोआप वळायचा. त्यामुळे नववीत असतानाच मोठ्यांच्या संघात माझी वर्णी लागली.

एकदा आंबेगाव तालुक्यातल्या एका गावी सामना होता. एसटीने घोडेगावला उतरून पुढे पायी गेलो. मी पाच गडी बाद केले, आम्ही जिंकलो. यजमानांच्या ओसरीवर चहा आला. सगळ्यांना कपबशी आणि मला, अन् आमच्या संघातल्या एका दलित मुलाला, कान तुटलेले कप. पिऊन झाल्यावर ते आम्हीच विसळून कोनाड्यात उपडे ठेवायचे होते. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. परतताना सगळे माझ्या गोलंदाजीचं कौतुक करत होते. माझ्या घशात मात्र तो चहा अडकला होता.

पुढे पुण्यात नोकरीला असताना पालवणकर बाळूंविषयी वाचलं. तेही डावरे फिरकी गोलंदाज. चांभार समाजात जन्मलेले. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायला होते, पगार महिना तीन रुपये. मग १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात गेले. तिथे जाळ्यात साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायची. फलंदाजीची संधी मात्र नाही. त्यांची फिरकी पाहून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतलं खरं, पण मैदानावर एकच चेंडू हाताळणाऱ्यांनी चहाला त्यांना तंबूबाहेर बसवलं आणि मातीच्या भांड्यात चहा दिला.

तिथवर वाचलं आणि पुस्तक मिटलं. ती ओसरी पुन्हा समोर आली.

बाळू पुढे मुंबईला गेले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तोवर मुंबईत सामने धर्मावर बेतलेले होते. १९१२ पासून मुसलमानांचाही संघ त्यात आला. आपापल्या धर्माच्या संघाला टाळ्या पडायच्या, पण स्वतःच्या धर्माच्या संघातही बाळूंना कर्णधारपद कधी मिळालं नाही. १९२३ मध्ये ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. बाळू १९५५ मध्ये वारले.

हे सगळं मी मोठ्या आवेशाने अम्मीला सांगितलं. माझ्या त्या कपाची गोष्टही पहिल्यांदाच सांगितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळाने ती उठली आणि मोरीजवळच्या फळीवरून एक जर्मनचा पेला घेऊन आली. आमच्याकडे संडास साफ करायला येणाऱ्या बाईचा तो पेला. इतकी वर्षं त्याच फळीवर होता. माझ्या नजरेखालून रोज जात होता.

"अपने में तो सब बराबर हैं ना, बेटा?" ती म्हणाली. मला विचारत होती की स्वतःला, कळलं नाही. मशिदीत एका सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे आम्ही! माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अम्मीने त्या बाईला पाहुण्यांच्या कपात चहा दिला. बाई संकोचली. कप घेऊन दाराबाहेर जायला निघाली. अम्मीने तिचा हात धरला आणि शेजारी बसवून घेतलं. दोघीही अवघडून बसल्या होत्या. चहा निवत होता.

आता अम्मी नाही. कपाटातले ते कप आहेत. पाहुणा कुणीही असो, चहा त्यातच देतो. त्या गावच्या लोकांवरचा माझा राग केव्हाच ओसरला. फळीवरचा पेला मला दिसला नव्हता, हे मात्र अजून सलतं.