रांगेत नसलेला रुग्ण

डॉक्टर का व्हायचे, या प्रश्नाला आपल्या समाजात एक ठरीव उत्तर आहे : गोरगरिबांची सेवा करण्यासाठी. बारावीच्या निकालानंतर छायाचित्र छापून येणारे बहुतेक गुणवंत हेच सांगतात. त्यात खोटेपणा असतो असे नाही. परंतु हा गरीब कुठे राहतो आणि दवाखान्यापर्यंत का पोहोचत नाही, याचा विचार त्या उत्तरात सहसा नसतो. आमच्या नातीने तो केला, आणि घरात वाद उभा राहिला.

आम्ही उभयतांनी खानापूर तालुक्यातील मराठी शाळांत नोकरी केली. शिक्षक हजेरीपट वाचतो तो गैरहजेरीच्या खुणांवरून. न आलेल्या मुलीच्या घरी जावे तेव्हा कळते, की आई बाळंतीण आहे म्हणून तिला घरी ठेवले आहे, नाहीतर वाटेतला ओढा भरून वाहतो आहे. भीमगडच्या जंगलातील काही गावांतून पावसाळ्यात रुग्णाला आजही माणसांच्या खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. नात हे लहानपणापासून ऐकत आली. एम.बी.बी.एस.च्या अखेरच्या वर्षी ती म्हणाली, ‘‘आजोबा, तुमचा हजेरीपट बरा होता. आमच्या रजिस्टरात फक्त आलेल्यांची नावे असतात.’’

या वाक्याने आम्हाला आनंदीबाई जोशी आठवल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. पुरुष डॉक्टरपुढे दुखणे सांगण्याचा संकोच करणाऱ्या असंख्य स्त्रिया त्या काळी उपचाराविनाच राहत. आपल्या देशात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, म्हणून आपण अमेरिकेला जात आहोत, असे त्यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर सभेत सांगितले. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे यायची होती. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची प्रेरणा रांगेत नसलेल्या बाईकडे पाहून जन्मली होती.

त्यानंतर शंभर वर्षांनी, १९८६ साली, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत काम सुरू केले. तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या मात्र शंभरात जेमतेम आठ होत्या. हा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण देऊन त्यांनी घरोघरी सेवा पोहोचवली, आणि तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले.

नातीला स्त्रीरोगशास्त्र शिकून खानापूर भागात परतायचे आहे. आमच्या चिरंजीवांचा याला विरोध आहे, आणि तो अप्पलपोटेपणाचा नाही. शिक्षणासाठी काढलेले कर्ज डोक्यावर आहे. भूलतज्ज्ञ नाही, वेळेला रक्त मिळत नाही, तिथे एकटी डॉक्टर काय करील, असे ते विचारतात. या प्रश्नाला केवळ त्यागाच्या भाषेत उत्तर देता येत नाही. पण गडचिरोलीचा अनुभव सांगतो, की काम एकट्याच्या शौर्याने होत नाही; गावातली माणसे हाताशी धरून व्यवस्था उभारावी लागते. समान आरोग्यसेवा म्हणजे सर्वांना सारखेच औषध एवढाच अर्थ नव्हे. ज्याची वाट लांब, त्याच्यासाठी दवाखान्यानेही काही पावले चालायला हवीत.

ती तिथे टिकेल की नाही, हे आम्हाला सांगता येत नाही. तथापि घरातल्या वादात आम्ही आमचे मत नोंदवले आहे : कर्जाचा अर्धा हप्ता यापुढे आमच्या निवृत्तिवेतनातून जाईल. चिरंजीव अद्याप काही बोललेले नाहीत. नातीने मात्र पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची पुस्तके उघडली आहेत.