आफ्रिकन मिक्स

आमच्या सोसायटीत बोअरच्या पाण्याला सगळे शिव्या घालतात. नळांवर पांढरे डाग, गिझरच्या कॉइलवर क्षारांचा थर, केसांचा झाडू. माझ्या चार फुटी टँकमधल्या मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना मात्र हेच पाणी मानवतं.

दुकानात या माशांच्या टाकीवर बहुतेकदा एकच चिठ्ठी असते: ‘आफ्रिकन मिक्स’. मला ती चिठ्ठी खटकते. मलावी आणि टांगानिका ही दोन वेगळी सरोवरं आहेत, दोन्हींतले मासेही वेगळे. टांगानिका साधारण १४७० मीटर खोल. त्यात आलेलं बहुतेक पाणी नदीवाटे बाहेर पडत नाही, वाफ होऊन उडतं आणि क्षार मागे राहतात. म्हणून पीएच ९च्या आसपास. शिवाय तिथे कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम जास्त. म्हणजे आमचं बोअर काही टांगानिका नव्हे. मलावीचा पीएच थोडा कमी, ८च्या आगेमागे.

आता खरी गोम. मलावीतले म्बुना मासे खडकांवरचं शेवाळ खातात आणि आपल्या खडकासाठी जीव तोडून भांडतात. म्हणून ते गर्दीत ठेवा, म्हणजे मार वाटला जातो, असा सल्ला मिळतो. सल्ला बरोबर आहे, पण गर्दी म्हणजे घाण आणि घाण म्हणजे अमोनिया. पीएच ७ असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ला पाच टक्क्यांच्या वर, ९ला तिसऱ्या हिश्शाहून जास्त. त्यामुळे पीएच वाढवायच्या पुड्यांपेक्षा मी फिल्टरवर पैसे घालतो.

परवा दुकानदार म्हणाला, “दादा, सोबतीला ही ठिपकेवाली कॅटफिश न्या, आफ्रिकनच आहे.” सिनोडोंटिस मल्टिपंक्टेटस. दिसायला देखणी, पाणीही चालेल. पण ही टांगानिकाची कोकिळा! सिक्लिडची मादी अंडी घालून तोंडात घेते, तेवढ्यात ही आपली अंडी त्यात मिसळते. हिची पिल्लं आधी फुटतात आणि त्याच तोंडात यजमानाची पिल्लं खातात. टांगानिकाचे मासे पिढ्यान्‌पिढ्या हिच्यासोबत राहून बरेच सावध झालेत. मलावीच्या माशांची हिच्याशी कधी गाठच पडलेली नाही, ते सहज फसतात. काही हौशी लोक मुद्दाम दोघांना एकत्र ठेवून हिची पैदास करतात. मी नको म्हणालो.

सध्या माझी एक पिवळी मादी गाल फुगवून मागच्या दगडाआड बसलीय. बारा दिवस झाले, दाणा तोंडात घेतलेला नाही. अजून आठवडाभर तरी घेणार नाही.