अम्मींचा हात पोहोचेल तिथवर

दोन वर्षांपूर्वीच्या चाँदरातीची गोष्ट. शीरखुर्म्यासाठी मोठं पातेलं हवं होतं आणि ते माळ्यावर होतं. आम्ही दोघी जावा बाहेरच्या खोलीत मुलांचे कपडे इस्त्री करत होतो. हाक मारली असती तर आमच्यातली कुणीही उठली असती. पण अम्मींनी हाक मारली नाही. त्या प्लास्टिकच्या स्टुलावर चढल्या, पातेलं हाताशी आलं आणि स्टूल सरकलं. दुसऱ्या दिवशी घरातले पुरुष ईदची नमाज अदा करून आले, तेव्हा अम्मी मनगटाला प्लास्टर घालून खाटेवर बसल्या होत्या. गळाभेट एका हाताने झाली.

त्यानंतर आम्ही त्यांना स्वयंपाकघरात येऊच देईना. ‘अम्मी, तुम्ही बसा,’ हे आमचं पालुपद झालं. ही खिदमतच आहे, असं आम्हाला वाटत होतं.

पुढच्या वर्षी नगरमधलं झेंडीगेटचं जुनं भाड्याचं घर सोडून मुकुंदनगरमध्ये स्वतःचं घर बांधायला काढलं. अल्हम्दुलिल्लाह, स्वयंपाकघर प्रशस्त निघालं. सुताराने मोबाइलवर चित्र दाखवलं: जमिनीपासून छतापर्यंत चकचकीत शटर, कुठे भांडं दिसत नाही, डबा दिसत नाही. आम्ही दोघी हरखून गेलो. चित्र अम्मींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘अच्छा है.’ काही बदल हवा का विचारलं, तर म्हणाल्या, ‘मेरेकू क्या पूछते बेटा, तुमना होना वैसा करो.’ आणि तसबीह घेऊन बाहेर जाऊन बसल्या.

ते वाक्य आम्हाला रात्रभर टोचत राहिलं. ज्या बाईने चाळीस वर्षं या घराला रांधून घातलं, ती नव्या घराच्या स्वयंपाकघराबद्दल पाहुण्यासारखं बोलत होती.

सकाळी आम्ही मोजपट्टी घेतली. चित्रातला ओटा छत्तीस इंचांचा. त्यावर दोन फूट सोडून भिंतीवरची कपाटं सुरू होणार, म्हणजे पहिलाच कप्पा पाच फुटांवर. अम्मींची उंची चार फूट दहा इंच. शिवाय मोडलेला हात डोक्याच्या वर नेला की कळ येते. खालच्या कपाटात मागे ठेवलेलं काढायचं तर उकिडवं बसावं लागणार आणि त्यांचे गुडघे ते करू देत नाहीत. म्हणजे एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरात त्यांचं असं काहीच उरत नव्हतं. स्टूल तेवढं उरत होतं.

अशा बांधीव स्वयंपाकघराचं मूळ सांगायचं तर 1926 सालच्या जर्मनीत जावं लागतं. फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी घरं बांधली जात होती. त्यांसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुविशारदाने जेमतेम सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब असं स्वयंपाकघर आखलं. कोणतं काम कुठे होतं, किती पावलं पडतात, हे मोजून तिने प्रत्येक वस्तूला जागा नेमून दिली. पिठाला कीड लागू नये म्हणून पिठाचे खण ओक लाकडाचे केले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. तिचा विचार चांगलाच होता. पण ते स्वयंपाकघर एकटीने काम करणाऱ्या बाईसाठी होतं. आपल्याकडे सासू, दोन सुना, शाळेतून आलेली मुलगी आणि रमजानमध्ये मदतीला आलेली नणंद, अशा सगळ्या एकाच वेळी वावरतात. म्हणून मोजायची पद्धत तिची घ्यावी, माप मात्र आपल्या घराचं घ्यावं, असं आम्ही ठरवलं.

आठवडाभर जुन्या घरातच जुन्या वहीत टिपून ठेवलं. कोणती वस्तू कोण घेतं, दिवसातून किती वेळा? गंमत अशी की रोज लागणारं सामान फार नव्हतं. तवा, काठवट, दोन पातेली, कुकर, मसाल्याचा डबा, चहा-साखर, रोजच्या डाळी. बाकी लग्नात आलेले डिनर सेट आणि काचेचे प्याले वर्षातून दोनदा निघत होते, आणि अडवून बसले होते सगळ्यात सोयीची जागा.

मग एकच नियम केला. गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतची जागा रोजच्या वस्तूंची, आणि डोळे अम्मींचे. त्याच्या वर आणि खाली वर्षातून दोनदा लागणारं. ओट्याखाली शटरच्या कपाटांऐवजी ट्रॉल्या केल्या. ट्रॉली बाहेर ओढली की मागचं भांडंही उभ्याने दिसतं, वाकून चाचपावं लागत नाही. ओट्याची उंची चौतीस इंच ठेवली. त्यातला तीन फुटांचा तुकडा तीस इंचांवर घेतला, कारण भाकरी थापताना हाताला वरून जोर लागतो आणि उंच ओट्यावर खांदे भरून येतात.

सहरीची एक वेगळी ट्रॉली केली. पहाटे चारला डबे शोधताना स्टीलची खणखण होते आणि लहान मुलं उठतात. खजूर, चहा, रव्याचा डबा, छोटं पातेलं, दस्तरखान, सगळं शेगडीच्या उजव्या हाताला एकत्र. सत्तूर, सुऱ्या आणि गोश्त कापायची फळी यांचा खण निराळा, त्याला कुलूप. बकरी ईदला हिस्से करायचा तराजूही तिथेच.

लाकूड कमी वापरलं. सिंकखाली प्लायवूड ओल धरतं, फुगतं आणि झुरळांना घर मिळतं. म्हणून तिथे उभे-आडवे कडप्पे घातले. इतरत्र प्लाय घेतलं ते आयएस 710 असा शिक्का बघून. तो पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा असतो. सिलिंडरच्या कप्प्याच्या शटरला खालच्या बाजूला भोकं ठेवली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळती झाली तर तो खाली साचतो. बंद कप्प्यात तो कोंडला तर वास यायलाही उशीर होतो.

धान्याची कोठी मात्र सुताराच्या चित्रात नव्हतीच. ‘आता कोण वर्षाचं भरतं?’ असं तो म्हणाला. अम्मींचं माहेर जामखेड तालुक्यातलं. 1972 चा दुष्काळ त्यांनी लहानपणी पाहिलेला. परदेशातून आलेली मिलो, म्हणजे लाल ज्वारी, आणि सुकडी खाऊन काढलेले ते दिवस. तेव्हापासून घरात मालदांडी ज्वारी नसली तर त्यांना झोप लागत नाही. सूरह यूसुफमध्येही हीच शिकवण आहे. सुकाळाच्या सात वर्षांत पीक कणसातच राखून ठेवा, असं हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी सुचवलं होतं. साठवण म्हणजे हाव नव्हे. रिज्कची कदर करणं आहे. म्हणून भिंतीपासून चार बोटं सोडून, जमिनीपासून उंच कडप्प्यावर दोन कोठ्या ठेवल्या. धान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण थंड झाल्यावर, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून भरायचं. खाली तोटी असलेली कोठी घेतली, म्हणजे जुनं धान्य आधी निघतं आणि वाकावंही लागत नाही.

राहिली देग. तांब्याची, दादीसासूंच्या काळातली. खरं सांगतो, ती मोडीत काढायचं आम्ही ठरवून टाकलं होतं. जागा खाते, कल्हईवाला वेळेवर मिळत नाही. अम्मी काही बोलल्या नाहीत. त्याच आठवड्यात गल्लीत एका घरी मय्यत झाली. त्या घरी जेवण पाठवायचं होतं. शेजारचा मुलगा थेट अम्मींकडे आला, ‘खाला, देग होना.’ तेव्हा आम्हाला समजलं की ही देग एकट्या आमची नाहीच. तिला दाराजवळच्या कोपऱ्यात खाली जागा दिली, म्हणजे दोघांनी धरून सरळ बाहेर नेता येईल. सुताराने माप तोंडाचं घेतलं आणि देग आत जाईना. कप्पा पुन्हा करावा लागला. देगेचं पोट मोजायचं आणि वर दोन इंच सोडायचे, हे ध्यानात ठेवा.

भगिनींनो, नवीन घर बांधत असाल तर चित्र बघण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला ओट्याजवळ उभं करा आणि तिचा हात कुठवर पोहोचतो ते मोजा. ‘तुम्ही बसा’ म्हणणं सोपं असतं. पण कधी कधी त्या दोन शब्दांनी आपण एखादीला तिच्याच घरात मेहमान करून ठेवतो.

यंदाच्या चाँदरातीला आम्ही कपडे इस्त्री करत होतो. आतून ट्रॉली सरकल्याचा आवाज आला, मग पातेलं ओट्यावर ठेवल्याचा. आम्ही धावत आत गेलो. अम्मी शेवया भाजत होत्या. आमच्याकडे न बघता म्हणाल्या, ‘क्या हुआ? जाओ, कपडे जल जाएंगे.’