पेठेचा संघ

एखाद्या शहराचा इतिहास लिहावयाचा म्हटला की आपण राजवंश, तह, देवळे आणि चळवळी यांच्याकडे वळतो. त्या शहरातली माणसे संध्याकाळी कोणासाठी घसा बसेपर्यंत ओरडत होती, याची नोंद क्वचितच होते. कोल्हापूरच्या फुटबॉलविषयी मराठीत जे लेखन आढळते, ते बहुतांशी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवरचे. कुस्तीला आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत मानाचे पान मिळाले; फुटबॉलच्या वाट्याला निकालाच्या चार ओळी आल्या. हा लेख त्या चार ओळींच्या पलीकडे पाहण्याचा एक प्रयत्न.

कोल्हापूर म्हणजे कुस्ती, हे समीकरण खोटे नाही. शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1912 साली उभे राहिलेले खासबाग मैदान त्याची साक्ष देते. पण त्याच मैदानापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राजर्षी शाहू स्टेडियम आहे आणि फुटबॉलच्या हंगामात शहराचा जीव तिथे गोळा होतो. तिथे उतरणाऱ्या संघांची नावे पाहावीत: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. मराठीच्या विद्यार्थ्याला इथे थबकावेसे वाटते. 'तालीम' हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत येऊन तो आखाड्याच्या मातीत रुजला, नाटकवाल्यांनीही तो उचलला, आणि कोल्हापुरात तो एका विलायती खेळाच्या संघाचे आडनाव होऊन बसला. संस्थानी काळात राजाश्रयाने हा खेळ इथे रुजला, तेव्हा त्याच्यासाठी नवे 'क्लब' सर्वत्र काढावे लागले नाहीत. पेठेत तालीम होतीच. तिथली पोरे लंगोट ठेवून चेंडूमागे धावू लागली. परका खेळ आपलासा करण्याची इतकी सहज रीत अन्यत्र पाहिल्याचे मला स्मरत नाही.

2002 ते 2004 ही दोन वर्षे एम.ए.च्या निमित्ताने मी कोल्हापुरात काढली. मी मूळचा नांदगावचा. कोणत्याही पेठेचा नव्हे. त्यामुळे सामन्यात कोणाच्या बाजूने बसायचे, हा प्रश्न मला पडे आणि माझ्या शेजाऱ्यांना तो प्रश्न पडू शकतो याचेच नवल वाटे. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ समोरासमोर आल्या म्हणजे दुपारपासूनच दुकानांतले बोलणे बदलत असे. मी ज्या घरात राहत होतो, तिथल्या आजी स्वतः कधी स्टेडियमवर गेल्या नव्हत्या. पण मी परतलो की जेवणाचे विचारण्याआधी निकाल विचारीत. प्रेक्षागारात एक वृद्ध गृहस्थ नेहमी भेटत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हुकलेल्या एका पेनल्टीविषयी ते असे बोलत, की जणू भावकीतल्या एखाद्या फिसकटलेल्या सोयरिकीची हकीकत सांगत आहेत. ज्याने ती हुकवली, तो त्यांच्याच बोळात राहत होता. रोज सकाळी दूध आणायला जाताना दोघांची भेट होई!

मला वाटते, या चाहतेपणाचे मर्म इथे आहे. खेळाडू आणि प्रेक्षक यांचा उंबरठा एक असतो. अमेरिकेतील ब्रुकलिनच्या लोकांनी आपल्या बेसबॉल संघावर, डॉजर्सवर, असेच प्रेम केले होते. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णी खेळाडूला 1947 साली याच संघाने मैदानात उतरवले आणि त्या खेळातली वर्णाची भिंत फोडली. 1955 साली संघाने जागतिक मालिका जिंकली. आणि 1957 चा हंगाम संपल्यावर मालकाने तो संघ लॉस एंजेलिसला नेला. पुढे 1960 मध्ये एबेट्स फील्ड हे मैदानही पाडले गेले आणि तिथे निवासी इमारती उभ्या राहिल्या. लांब कशाला, पुण्याच्या नावाने 2014 साली इंडियन सुपर लीगमध्ये उतरलेला फुटबॉल संघ 2019 मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. प्रेक्षकांना कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. तालमीचा संघ मात्र असा उचलून नेता येत नाही. मारुतीची मूर्ती, समोरचा चौक आणि गणपतीची वर्गणी यांच्यासह तो नेणार कसा?

अर्थात या नात्याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. उंबरठा एक असला की पराभवही घरात शिरतो. हुल्लडबाजी, दगडफेक, त्यापायी थांबवावे लागलेले सामने, पोलीस बंदोबस्तात निघणारे प्रेक्षक, हे सारे या इतिहासात आहे. ऐन विशीतल्या पोरांवर गुन्हे दाखल होतात आणि नोकरीच्या वेळी ते आडवे येतात. चषकांना राजकीय नेत्यांची नावे असतात. आश्रय राजवाड्यातून निघाला आणि पुढाऱ्यांच्या दारी पोहोचला, एवढेच. आणि इतक्या प्रेमातून देशपातळीवर गेलेले खेळाडू थोडेच. 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हा शहराला झालेला आनंद मोठा होता. पण त्यालाही घडण्यासाठी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावे लागले होते. पेठेचे प्रेम खेळाडूला जपते. त्याला पुढे धाडण्याची व्यवस्था त्या प्रेमातून आपोआप उभी राहत नाही.

तरीही मला कोल्हापूरचा हेवा वाटतो. आज मी नांदगावात शिकवतो. माझे विद्यार्थी आयपीएलच्या संघांवरून हिरिरीने भांडतात. चेन्नई कोणाची आणि मुंबई कोणाची हे त्यांचे ठरलेले असते. ज्यांच्यासाठी ते भांडतात, त्यांतल्या कोणाशीही त्यांची दुधाच्या रांगेत गाठ पडणार नाही. आसपासच्या गावांतल्या जत्रेत अजून कुस्त्या होतात. रेवड्यांवरची पोरांची कुस्ती लागते, नारळावरची लागते, शेवटी मानाची लागते. तेवढ्या दोन तासांत गाव आपल्या पोराच्या नावाने ओरडते. दुसऱ्या दिवशी फड मोडतो आणि त्या आवाजाला पुन्हा वर्षभर जागा उरत नाही.

कोल्हापूरने ती जागा राखली. तिथे भांडण आहे, राजकारण आहे, पण ती जागाही आहे. म्हणून तिथल्या म्हाताऱ्या प्रेक्षकांच्या तोंडचा इतिहास कोणीतरी बसून, ऐकून, लिहून काढायला हवा. कोणत्या वर्षी चषक कोणी जिंकला, हे वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत सापडेल. पेनल्टी हुकवणारा आणि ती न विसरणारा, हे दोघे एकाच बोळात इतकी वर्षे कसे नांदले, हे मात्र फायलीत सापडणार नाही. आणि ते सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.