ललत पंचमची वेळ

बाबा वडशाच्या एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. धान घरात आलं, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की ते घरी क्वचितच दिसत, ते पार होळीपर्यंत. आज ब्रह्मपुरीकडे, उद्या कुरखेड्याकडे, मधेच कधी वैनगंगेच्या काठच्या एखाद्या खेड्यात. शाळेला सुट्टी असली की मीही कंपनीच्या गाडीत चढायचे आणि चादर गुंडाळून ऑर्गनच्या शेजारी बसायचे. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीचं नाटक मी तिथूनच पाहिलं. समोर जमीन खोदून केलेली उतरती बैठक, त्याच मातीच्या भरावावर उभा केलेला मंच, आणि रात्री दहा-अकराला सुरू होऊन तांबडं फुटेपर्यंत रंगणारा खेळ. दवाने ओली झालेली पट्टी दाबली की खालीच राहायची. बाबा ती अंगठ्याच्या नखाने उचलत, आणि तेवढ्यात उरलेली बोटं पुढच्या जागेवर पोचलेली असत. पाय मात्र भात्यावरून क्षणभरही हलत नसत.

नाटक सामाजिक असो की पौराणिक, त्यात पदं हवीतच. बाबांच्या वहीतली बरीचशी पदं पंडित जितेंद्र अभिषेकींच्या चालींची होती. लहानपणी मला हे बुवा आमच्याच मुलखातले वाटत. ‘मत्स्यगंधा’त आशालता वाबगावकरांनी गायलेलं गर्द रानाचं एक पद आहे. ते गोव्यात जन्मलेल्या माणसाने बांधलंय, हे आमच्या रानात बसून ऐकताना कसं पटावं!

बुवा मंगेशीचे. जन्म १९२९ चा. वडील बाळूबुवा कीर्तनकार, त्यामुळे शब्द आणि सूर एकत्र कसे चालतात हे घरातच कानावर पडलेलं. पुढे गिरिजाबाई केळेकर, जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ अशा निरनिराळ्या गुरूंकडे ते शिकले आणि कुठल्याही एका घराण्याच्या चौकटीत अडकून पडले नाहीत. ‘श्यामरंग’ या नावाने त्यांनी बंदिशीही बांधल्या. पण आमच्यापर्यंत ते पोचले नाटकातून.

१९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आलं तेव्हा संगीत नाटक दमलेलं होतं. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त शंभरावर पदं. तेवढं ऐकायला शहरातला प्रेक्षक आता थांबत नव्हता. बुवांनी पदं मोजकी केली, आणि लांबीलाही आवर घातला. प्रसंगाने मागितलं तरच पद यायचं, आणि प्रसंग थंड व्हायच्या आत संपायचं. मराठी रंगभूमीवरचं हे त्यांचं सगळ्यात मोठं काम, असं मी मानते.

आमच्याकडे मात्र त्याच पदांचं उलटं झालं. इथे अख्खी रात्र हाताशी होती. गायकनट तीन-चार मिनिटांचं पद पंधरा मिनिटं फुलवायचा, लोक वन्समोअर मागायचे, शेकोटीजवळचे म्हातारे तर आलापाला माना डोलवायचे. तरी ती चाल कधी सैल पडली नाही. बाबा म्हणायचे, ‘‘बुवांचे पऱ्हे दाट असतात, बाई. बांधीत नेऊन लावले की पसरतात.’’

‘कट्यार काळजात घुसली’वर तर आम्ही हक्कच सांगायचो. डिसेंबर १९६७ मध्ये ते रंगमंचावर आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे मूर्तिजापुरात जन्मलेले, नागपुरात शिकलेले. आणि चाली बुवांच्या. त्यात ‘घेई छंद’ हे एकच पद दोन रागांत येतं, धानी आणि सालगवराळी. धानीत सा, कोमल ग, म, प, कोमल नि एवढेच स्वर. सालगवराळीत मध्यम नाही, आणि रिषभ कोमल. अक्षरं तीच, पण ऐकणारा एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाऊन बसतो. दोन घराण्यांमधला झगडा संवादांनी सांगायचा तर पानंच्या पानं खर्ची पडली असती. बुवांनी तो दोन चालींत मांडला.

त्याच नाटकातलं सूर्याचं पद, ‘तेजोनिधी’, ललत पंचममध्ये आहे. हा राग रात्र सरतानाचा. शहरातल्या नाट्यगृहात ते पद संध्याकाळी किंवा रात्री वाजतं, दाराबाहेर रिक्षा उभ्या असताना. बाबा ते मुद्दाम शेवटच्या अंकासाठी राखून ठेवायचे, मग नाटक कुठलं का असेना. गायक षड्ज लावायचा तेव्हा पूर्वेला फिकट होऊ लागलेलं असायचं, धुक्यातून मोहाची झाडं दिसू लागायची, आणि बैठकीतली झोपलेली पोरं उठून बसायची. त्या पदाला त्याची खरी वेळ आमच्या झाडीत मिळत होती, असं मी ठामपणे म्हणते. नाट्यगृहांतले कितीतरी नामवंत गळे मी नंतर ऐकले, तरी माझं मत बदललेलं नाही.

७ नोव्हेंबर १९९८ ला बुवा गेले. मंडयांचेच दिवस होते. बातमी आमच्या मुक्कामी पोचली त्या रात्री बाबांनी नांदीआधी मंचावर जाऊन दोनच वाक्यं सांगितली आणि ऑर्गनवर येऊन बसले. पहाटे ललत पंचम त्यांनी गायकाविना, एकट्यानेच वाजवला. लोक उठून गेले नाहीत.

आता पुष्कळ कंपन्यांत कीबोर्ड आलाय. उचलायला हलका, दवाची भीती नाही. पण भात्यातून येणारा श्वास त्याला नाही, आणि गायकाच्या आलापाबरोबर तो फुगत नाही. ऑर्गन ठेवणाऱ्या कंपन्यांना मी मनापासून धन्यवाद देते, आणि त्यांच्या वादकांना चांगली बिदागी मिळावी म्हणून जिथे बोलता येईल तिथे बोलते.

चंद्रपुरात मी पेटी शिकवते. २०१५ च्या सिनेमानंतर मुलं ‘कट्यार’मधली पदं मागत आली, अजूनही येतात. मी आधी धानीचे पाच स्वर घोटून घेते, मग सालगवराळी. मूल तालुक्यातली एक मुलगी सध्या त्या कोमल रिषभावर अडली आहे. तिच्या गावच्या मंडळाने तिला पद गायला बोलावलंय, तेही पहाटेच्या अंकात. मंडई दिवाळीनंतर आहे, तोवर रिषभ जागेवर यायला हवा. म्हणून या आठवड्यापासून तिला सकाळी लवकर बोलावलंय.